एका बोटाची जागा

नुसती काळी माती बादलीत भरू नये,
हे मला चोपड्यात जन्म काढून निवृत्तीनंतर कळलं.
शेतात ती सोनं. बादलीत तिची वीट होते,
वर पाण्याचं तळं
आणि खाली मुळं कोरडा घसा घेऊन बसलेली.
म्हणून एक घमेलं काळी, एक घमेलं तापीची रेती,
एक घमेलं शेणखत, जुनं, वास गेलेलं,
आणि केळीच्या खांबाचा कुजका चुरा मन मानेल तेवढा.

रंगाच्या बादल्या अकरा, बुडाला तापल्या सळईनं भोकं.
मे महिन्यात गंजून गळालेल्या कूलरची टाकी,
तिच्यात दोन झाडं.
अंगणात चार थर विटांचा उंच वाफा.
उंच अशासाठी, की माझे गुडघे आता जमिनीपर्यंत जात नाहीत
तर जमिनीनंच थोडं वर यावं.

नवरात्रात रोपं लावली. दिवाळीत ती कमरेला लागली
आणि लवंडायला लागली.
टमाट्याला कणा नसतो,
हाव मात्र असते.
बगलेतला प्रत्येक फुटवा म्हणतो मीच शेंडा.
ते मी चिमटीनं खुडतो, बोटं हिरवी-पिवळी होतात,
तीन वेळा साबण लावला तरी
भाकरीला त्याचा वास येतो.

बांधायला सुतळी नको, ती कापते.
जुन्या धोतराच्या पट्ट्या, दोन बोटं रुंद.
आधी काठीला वेढा, मग मध्ये पीळ, मग झाडाला वेढा,
आठचा आकडा.
आणि गाठ मारण्याआधी
देठ आणि पट्टी यांच्यामध्ये आपलं एक बोट घालून बघायचं.
देठ उद्या जाड होणार असतो.

शेजारचे सुपडू बोरसे कठड्यावरून हसतात,
"आप्पा, झाड शे ते, पेशंट नही!"

एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात प्लास्टर बांधलं.
हजारो हात. आठवतो एक.
निंबावरून पडलेला नऊ वर्षांचा भटू,
बाहेर रांग, माझी जेवणाची वेळ टळलेली,
मी गुंडाळत गेलो, चांगलं आवळून, पक्कं.
रात्री दोनला बाप त्याला सायकलवर बसवून घेऊन आला.
बोटं जांभळी.
मी करवत चालवली, हात मोकळा झाला,
दोन बोटं नाही झाली.
पडण्यानंच झालं, असं डॉक्टर म्हणाले.
मी पाणी पिऊन आलो.

काठ्या कमी पडल्या तेव्हा सुपडूनं ज्याला फोन केला
तो ट्रॅक्टर घेऊन आला, केळीला टेकू दिलेले बांबू,
घडांच्या चिकानं काळे पडलेले, वीसेक.
मिशीत पांढरा केस. मी नाव विचारलं नाही.
बांबू उतरवताना उजवा हात दिसला.

त्यानंच वाफ्यात बांबू रोवले, टाचेनं माती दाबली.
पहिली पट्टी बांधली आणि मी न सांगता
मधे बोट घालून पाहिलं.
"केळीलेबी असंच करतस," म्हणाला.
मी तोंड उघडलं
आणि विचारलं, चहात साखर किती.

जानेवारीत पहिली टमाटी लाल झाली.
पाणी एक दिवस चुकलं तर ढुंगणाशी काळी पडतात,
एकदम जास्त झालं तर तडकतात.
अजून मला तो अंदाज नीट आलेला नाही.

भटूला पिशवी भरून दिली. नको म्हणाला,
मग वरचं एक उचललं;
न उघडणाऱ्या त्या दोन बोटांच्या वाटीत
ते आपोआप बसलं.
तसंच धरून त्यानं दुसऱ्या हातानं ट्रॅक्टर चालू केला.

मार्चमध्ये उन्हानं फुलं झडतील.
मग गाठी सोडायच्या, पट्ट्या धुवायच्या,
घडी घालून ठेवायच्या.
बांबू परत न्यायला तो येईलच.
तोपर्यंत
चहात साखर किती, हे मला माहीत आहे.